गॅस संपत नाही, गळतो

२०२३ सालच्या जुलैमधली गोष्ट. आई पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारी दुपारी पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात दर्शन घेऊन आम्ही शुगरलँडला घरी निघालो होतो. बेल्टवेवर पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि चारही लेनमधल्या गाड्या जागच्या जागी उभ्या. बाहेर ९८ डिग्री, म्हणजे आपल्याकडचे ३७. ह्यूस्टनचा दमटपणा वेगळा सांगायला नको. आणि आमच्या गाडीच्या एसीतून येत होती गरम हवा.

काचा खाली केल्या, पण गाडी हलत नसेल तर वारा कुठून येणार? आई एरवी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत असते. ती गप्प झाली. सौ.ने मागे वळून पाहिले तर चेहरा पांढराफटक, तळवे ओले आणि गार. "मळमळतंय गं," एवढेच म्हणाली. शोल्डरवरून गाडी काढून पहिल्या एक्झिटला उतरलो, पेट्रोल पंपावरच्या दुकानात तिला गारव्यात बसवले, मानेवर ओले नॅपकिन ठेवले, घोटघोट पाणी दिले. अर्ध्या तासात रंग परत आला. सोमवारी डॉक्टरांनी सांगितले की ही उष्माघाताच्या आधीची पायरी होती. रक्तदाबासाठी ती जी लघवी वाढवणारी गोळी घेते, तिच्यामुळे अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. अशा माणसाला गरम गाडीत बसवणे हा खेळ नव्हे.

आता माझा कबुलीजबाब. एसी त्या दिवशी अचानक बिघडला नव्हता. गाडी २००५ सालची, जपानी, १,७०,००० मैल झालेली, पण इंजिन ठणठणीत. २०२१ च्या उन्हाळ्यात गारवा कमी वाटला म्हणून दुकानातून गॅसचा एक कॅन आणून भरला. २०२२ मध्ये दोन भरले. २०२३ मध्ये जुलै उजाडेपर्यंत तीन झाले होते आणि चौथा गॅरेजमध्ये फळीवर तयार होता. दर वेळी पंधरा डॉलर आणि दहा मिनिटे. काम झाले की मी खूष.

त्या रात्री जेवताना आईने विचारले, "अरे, तू दर महिन्याला भरतोस आणि दर महिन्याला रिकामं होतं, म्हणजे कुठेतरी भोक असणार ना? ते का नाही बुजवत?"

मी केमिकल इंजिनियर. तीस वर्षे इथल्या प्लांटमधल्या गळत्या शोधून पगार घेतला. मला उत्तर सुचले नाही.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत अशी एक जुनी गाडी असते. मुलगा किंवा मुलगी गाडी शिकते ती तिच्यावर, आणि आईवडील आले की दुपारी देवळात आणि लायब्ररीत जातात तेही तिच्यातूनच. तिचा एसी 'थोडा कमी गार' असतो आणि त्यावर आपण दर उन्हाळ्यात तोच कॅनचा उपाय करतो.

आधी थोडे शास्त्र

एक घोटाळा आधी दूर करतो. इथे पेट्रोललाही गॅस म्हणतात आणि एसीतल्या द्रव्यालाही आपण गॅसच म्हणतो. त्यामुळे हा गॅससुद्धा पेट्रोलसारखा वापरून संपतो अशी अनेकांची समजूत असते. ती चूक आहे. एसीचा गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो.

लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलन वॉटरची पट्टी ठेवायची. ते उडून जाताना कपाळाची उष्णता घेऊन जायचे आणि गार वाटायचे. एसीचे तत्त्व तेच. डॅशबोर्डच्या मागे इव्हॅपोरेटर नावाची जाळी असते. तिच्यात द्रवरूप गॅस उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पुढच्या बाजूच्या कंडेन्सरमध्ये पाठवतो. तिथे ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. फरक इतकाच की कोलन वॉटर उडून जाते आणि हा गॅस परत येतो. आला नाही, तर तो कुठेतरी बाहेर पडला.

रबरी होजमधून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे. वीस वर्षांच्या गाडीला आठ-दहा वर्षांनी एकदा भर घालावी लागली तर समजू शकतो. पण एका मोसमात गारवा गेला, तर ती गळती आहे.

गॅस कमी असताना गाडी चालवत राहण्यात आणखी एक तोटा असतो. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेल परत यायचे प्रमाण घटते, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि एक दिवस धरतो. धरताना त्याचा धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो. मग पंधरा डॉलरचा प्रश्न दोन हजारांवर जातो.

कोणता गॅस, हे आधी पाहा

हुड उघडल्यावर आत एक लेबल असते. त्यावर गॅसचे नाव आणि वजन दिलेले असते. ते वाचल्याशिवाय काहीही विकत आणू नका.

आपल्यातले जे लोक ऐंशीच्या दशकात किंवा नव्वदीच्या सुरुवातीला इथे आले, त्यांच्या पहिल्या गाडीत आर-१२ होता. बोलताना आपण त्याला फ्रिऑन म्हणायचो. असल्या गॅसमधला क्लोरीन ओझोनचा थर खातो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. १९९५ मध्ये या दोघांना क्रुटझेन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत आर-१२ चे उत्पादन थांबले. त्याचे भाव इतके चढले की अनेकांनी जुन्या गाड्या नव्या गॅसवर बदलून घेतल्या.

तो नवा गॅस म्हणजे आर-१३४ए. १९९४-९५ पासून पुढच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत तोच होता. तो ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जोरकस आहे. म्हणून गेल्या दशकात आर-१२३४वायएफ आला आणि आता नव्या गाड्यांत तो असतो. २०२० साली झालेल्या कायद्याने एचएफसी गटातल्या वायूंचे उत्पादन २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचे ठरले. आर-१३४ए याच गटातला.

हे तिन्ही गॅस एकमेकांत मिसळायचे नसतात. खाली जे सांगतो ते आर-१३४ए च्या गाडीबद्दल, कारण आपल्याकडच्या बहुतेक 'जुन्या' गाड्या त्याच आहेत.

भोक कुठे असते

गॅस अदृश्य असला तरी त्याच्याबरोबर थोडे तेल बाहेर येते. तेलावर धूळ बसते. एखाद्या जोडावर काळा, चिकट डाग दिसला की तिथे संशय घ्यावा. नेहमीचे गुन्हेगार असे:

पहिला, ओ-रिंग. दोन नळ्या जिथे जुळतात तिथे बसवलेले रबरी कडे. वीस वर्षांच्या उष्णतेने ते चपटे आणि कडक होते. किंमत काही सेंट.

दुसरा, गॅस भरायच्या तोंडातला व्हॉल्व्ह. सायकलच्या व्हॉल्व्हचाच हा भाऊ. वरचे प्लॅस्टिकचे टोपण हरवलेले असेल तर आधी ते आणा. त्या टोपणातही एक ओ-रिंग असते आणि तेही गॅस अडवते.

तिसरा, कंडेन्सर. रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या तोंडाशी असल्यामुळे हायवेवरचे खडे सगळे त्यालाच लागतात.

चौथा, कॉम्प्रेसरचे पुढचे सील, जिथून त्याचा दांडा बाहेर येतो. एसी महिनोन् महिने बंद राहिला की हे सील कोरडे पडते. म्हणून हिवाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा.

पाचवा, रबरी होज जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेला असतो तो सांधा.

आणि सहावा, सगळ्यात महागडा, इव्हॅपोरेटर. तो स्वतः महाग नसतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला बऱ्याच गाड्यांत सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो.

कसे शोधायचे

आईच्या त्या प्रसंगानंतर मी आधी एका गॅरेजमध्ये गेलो. पाच मिनिटे पाहून त्यांनी कागद हातात दिला. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि मजुरी मिळून १,८०० डॉलर. गळती नेमकी कुठे आहे, असे विचारले तर उत्तर आले, "जुनी गाडी आहे, सगळेच बदललेले बरे." गाडीची किंमतच जेमतेम तीन हजार. सौ. म्हणाली, काढून टाकू या. चिरंजीवांचा चेहरा पडला, कारण ती गाडी पुढल्या वर्षी कॉलेज स्टेशनला त्याच्याबरोबर जायची होती.

मग एका सहकाऱ्याने बेलेअरच्या बाजूला असलेल्या एका म्हाताऱ्या व्हिएतनामी मेकॅनिककडे पाठवले. त्याने गेज लावून पाहिले आणि म्हणाला, "गळती दाखव, मग बोलू. दिसल्याशिवाय मी काही बदलत नाही." माणूस मला एकदम पसंत पडला. आमच्या प्लांटचा नियम हाच होता.

पुण्यात सायकलच्या दुकानात पंक्चर कसे काढायचे आठवते? ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. नुसती हवा भरून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारा दुकानदार टिकला नसता. गाडी पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून हे तीन उपाय.

एक, रंग. गॅसबरोबर एक पिवळसर हिरवा रंग आत सोडतात. चार-पाच दिवस एसी चालवायचा. मग रात्री, अंधारात, पिवळा चष्मा लावून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च प्रत्येक जोडावर मारायचा. गळती असेल तिथे हिरवे चमकते. टॉर्च आणि चष्मा मिळून मला पंधरा डॉलर पडले. एसीचे पाणी गाडीखाली जिथून ठिबकते, त्या नळीच्या तोंडाशीही टॉर्च मारून पाहा. तिथे हिरवे दिसले तर इव्हॅपोरेटर गेला असे समजा.

दोन, साबणाचे पाणी. भांडी घासायचा लिक्विड सोप थोड्या पाण्यात मिसळून ब्रशने जोडांवर लावायचा. गळती मोठी असेल तर बुडबुडे येतात. बारीक गळती मात्र याने सापडत नाही.

तीन, इलेक्ट्रॉनिक यंत्र. याचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने हळू फिरवायचे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली उतरतो. गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या काही दुकानांत अशी हत्यारे डिपॉझिट ठेवून मिळतात.

नुसत्या गेजवर विसंबू नका. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आठवा. भरलेला असो की पाव राहिलेला, दाब सारखाच. वजन केल्याशिवाय कळत नाही. इथेही तसेच. ९० डिग्रीला, एसी बंद असताना, आत थोडा जरी द्रवरूप गॅस उरला असेल तरी गेज सुमारे १०४ पीएसआय दाखवतो. कॅनवरच्या स्वस्त गेजचा हिरवा पट्टा पाहून 'भरला' असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे. मी तीन वर्षे तेच करत होतो.

पाचव्या रात्री मी आणि चिरंजीव टॉर्च घेऊन ड्राइव्हवेमध्ये उभे राहिलो. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. कॉम्प्रेसर स्वच्छ. कंडेन्सरची जाळी स्वच्छ. पण कंडेन्सरला येणाऱ्या नळीचा जोड काजव्यासारखा चमकत होता आणि गॅस भरायच्या खालच्या दाबाच्या तोंडातही हिरवा ठिपका होता. १,८०० डॉलरच्या कागदावर या दोन्हींचे नाव नव्हते.

दुरुस्ती

इथे कायदा लक्षात घ्यावा लागतो. एसीचा गॅस मुद्दाम हवेत सोडणे अमेरिकेत गुन्हा आहे. आर-१३४ए ला हा नियम १९९५ पासून लागू आहे. आमच्या गाडीत मावतो १.२ पौंड. हवा तापवण्याच्या हिशेबात तो सगळा सोडणे म्हणजे सुमारे ८५ गॅलन पेट्रोल जाळण्यासारखे. म्हणून जोड खोलण्याआधी मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जाऊन गॅस काढून घ्यावा लागतो. पैसे घेऊन हे काम करणाऱ्या मेकॅनिकला ६०९ क्रमांकाच्या कलमाखालचे प्रमाणपत्र लागते. ते आहे का, असे विचारण्यात काही गैर नाही. आमच्या व्हिएतनामी बाबांनी ४५ डॉलर घेऊन गॅस काढला आणि एसीचे बटण दाबू नकोस, अशी तंबी देऊन घरी पाठवले. रिकाम्या अवस्थेत कॉम्प्रेसर फिरवायचा नसतो.

घरी आल्यावर जोड खोलला. नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, पटकन पिळवटतात. म्हणून एका पान्याने नळी धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. जुनी ओ-रिंग बाहेर आली ती पापडासारखी कडक. त्याच मापाची, आर-१३४ए साठी असलेली नवी ओ-रिंग तेलात बुडवून बसवली. कोरडी बसवली तर आवळताना कापली जाते. शेजारचा जोड खोललाच होता म्हणून त्याचीही बदलली. भरायच्या दोन्ही तोंडांचे व्हॉल्व्ह बदलले.

त्यानंतर ड्रायर. नळ्यांतली ओल शोषून घेणारे दाणे त्यात असतात. आपण चकलीच्या डब्यात ओल लागू नये म्हणून जी काळजी घेतो, तीच ही. यंत्रणा उघडली की हवेतली ओल या दाण्यांत भरते, त्यामुळे ड्रायर बदलावा लागतो. आमच्या गाडीत दाण्यांची पिशवी कंडेन्सरच्या कडेच्या नळीत असते. ओ-रिंग, व्हॉल्व्ह आणि ही पिशवी मिळून ३८ डॉलर झाले. लेबलावर सांगितलेल्या जातीचे थोडे तेल घातले, कारण गळतीबरोबर तेलही गेलेले असते.

मग व्हॅक्युम. दुकानातून डिपॉझिटवर पंप आणून पाऊण तास चालवला. याचे काम नुसती हवा काढणे एवढेच नाही. दाब पुरेसा उतरला की पाणी साध्या तापमानाला उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. गेजचा काटा साधारण २९ इंचांच्या पुढे जाऊन स्थिर राहायला हवा. मग झडप बंद करून निदान अर्धा तास थांबायचे. काटा परत सरकला तर कुठेतरी गळती शिल्लक आहे. मी रात्रभर ठेवला. सकाळी सहाला चहाच्या आधी जाऊन पाहिले, काटा जागेवर होता. मात्र या कसोटीवर पूर्ण भरवसा ठेवू नये. चालू एसीत दाब आतून बाहेर असतो आणि तो कितीतरी जास्त असतो. गॅरेजवाले म्हणूनच नायट्रोजन भरून तपासतात. पंपाची साधी हवा त्यासाठी कधीही वापरू नये. तिच्यात ओल असते, आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकते.

शेवटी गॅस, तोही वजनाने. १.२ पौंड म्हणजे १९ औंस. कॅन १२ औंसाचा. एक पूर्ण आणि दुसऱ्यातला सात औंस. हा सात औंसाचा हिशेब सौ.च्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर केला. भाजणीचे पीठ मोजायला आणलेला काटा ड्राइव्हवेमध्ये आल्यावर घरात जे बोलले गेले ते इथे छापण्यासारखे नाही. जास्त गॅस घातला की जास्त गार होते, हा गैरसमज आहे. जास्त झाला तर गारवा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

कॅन लावायचा तो फक्त कमी दाबाच्या तोंडाला. ते जाड नळीवर असते आणि त्यावर 'एल' लिहिलेले असते. जास्त दाबाच्या बाजूला लावलेला कॅन हातात फुटू शकतो. इंजिन चालू असताना कॅन उभा धरायचा, उलटा नाही, नाहीतर द्रव सरळ कॉम्प्रेसरमध्ये जातो. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे काम करावे. हा द्रव मोकळ्या हवेत उणे २६ सेल्सियसला उकळतो. डोळ्यात गेला तर डोळा जातो.

खर्च असा झाला. गॅस काढायला ४५, सुटे भाग ३८, टॉर्च आणि चष्मा १५, दोन कॅन ३०. एकूण १२८ डॉलर. आधीच्या तीन उन्हाळ्यांत सहा कॅनचे ९० गेलेच होते, आणि ते अक्षरशः हवेत.

काय करू नये

दुकानात 'गळती बंद करणारे' द्रव मिळते. मोह होतो, पण घालू नका. ओल लागली की घट्ट होणारी त्यातली काही रसायने गॅरेजच्या मशीनमध्ये जाऊन बसतात. त्यामुळे असे द्रव घातलेली गाडी अनेक गॅरेजवाले हातातच घेत नाहीत.

प्रोपेन किंवा ब्यूटेन असलेला 'स्वस्त आणि जास्त गार' गॅस नको. तो पेट घेणारा असतो, आणि इव्हॅपोरेटर आपल्या गुडघ्यांच्या समोर असतो.

गळती इव्हॅपोरेटरची निघाली, किंवा कॉम्प्रेसर आधीच धरलेला असला, तर घरी हात घालू नका. तेव्हा शांतपणे हिशेब करावा. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ गेला आणि घरात म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल, तर गाडी बदलणे हा उधळेपणा नव्हे. आपण काटकसरीने वाढलेली माणसे. पण गारव्याची काटकसर दुसऱ्याच्या अंगावर करू नये, हे मी आईचा तो पांढरा चेहरा पाहून शिकलो.

आणि स्वतः काही करायचे नसेल तरी गॅरेजमध्ये एवढे नक्की विचारा: गळती नेमकी कुठे आहे? मला दाखवाल का? कशाने शोधली? कागदावर लिहून द्याल का? या प्रश्नांना उत्तर नसेल तर किल्ली परत घ्या आणि दुसरीकडे जा.

दुरुस्तीनंतरच्या रविवारी आईला घेऊन पुन्हा त्याच देवळात गेलो. बाहेर ९५ डिग्री. स्वयंपाकघरातला थर्मामीटर एसीच्या तोंडात खोचून ठेवला होता, तो ४४ दाखवत होता. बेल्टवेवर आई पुन्हा पाट्या वाचू लागली. परतताना अंगावर शाल घेतली आणि म्हणाली, "आता जरा कमी कर, थंडी वाजते."

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ती गाडी चिरंजीवांबरोबर कॉलेज स्टेशनला गेली. त्या दुरुस्तीनंतर तिच्यात एकही कॅन भरावा लागलेला नाही. फळीवरचा चौथा कॅन त्याच दिवशी कामी आला होता.

टॉर्च, पिवळा चष्मा आणि गेज माझ्याकडे पडून आहेत. मंडळाच्या सभासदांपैकी कोणालाही हवे असल्यास कार्यक्रमाच्या दिवशी सांगावे, मी बरोबर घेऊन येईन. रात्री गाडीपाशी उभे राहायलाही येईन, चहा मिळाला तर. मात्र स्वयंपाकघरातला काटा ज्याने त्याने आपापल्या घरातून, आपल्या जबाबदारीवर आणावा.